रुग्णवाहिका, सिग्नल आणि तीन घड्याळं: प्रकल्प नोंदी

३ नोव्हेंबर २०२५

दिवाळी आटोपून तिघंही जागेवर आलो, आज कामाला खरी सुरुवात. मांडणी अशी: रुग्णवाहिका चौकाजवळ आली की रेडिओवरून सिग्नलला कळवते आणि सिग्नल तिच्या बाजूचा हिरवा दिवा लवकर देतो किंवा लांबवतो. याचा उपयोग किती, हे रस्त्यावर न उतरता बघायचं आहे. वाहनं सुमोमध्ये (जर्मनीतल्या डीएलआर संस्थेचा मुक्त सिम्युलेटर), रेडिओ ओम्नेट++मध्ये (नेटवर्कचा सिम्युलेटर), सिग्नलचा कंट्रोलर आमचा स्वतःचा, पायथनमध्ये. तीन मशिनवर तीन प्रोग्राम.

रस्ता ओपनस्ट्रीटमॅपवरून घेतला: पुण्यातल्या कर्वे रस्त्याचा तुकडा, मधोमध नळ स्टॉप. तिथे खाली रस्ता, मध्ये उड्डाणपूल, वर मेट्रो. नकाशा आयात करताना जवळजवळचे चौक आपोआप जोडण्याचा पर्याय बंदच ठेवला. पुलावरच्या गाड्या खालच्या सिग्नलला थांबायला नकोत.

सुमो आणि ओम्नेट++ एवढेच जोडायचे असते तर त्यांना जोडणारं तयार व्हेन्स घेऊन मोकळे झालो असतो. पण कंट्रोलर हा तिसरा भिडू आहे, आणि पुढे त्याच्या जागी खरा कंट्रोलर बॉक्स लावायचा विचार आहे. म्हणून एचएलए, म्हणजे वेगवेगळे सिम्युलेटर जोडण्याचं आयईईई १५१६ हे मानक, आणि त्यासाठी जावामधला मुक्त पोर्टिको आरटीआय. (आरटीआय म्हणजे इथे रनटाइम इन्फ्रास्ट्रक्चर, सिम्युलेटरांमधले निरोप आणि वेळ सांभाळणारा प्रोग्राम; माहितीचा अर्ज नव्हे.) या व्यवस्थेत प्रत्येक सिम्युलेटर एक फेडरेट, आणि सगळे मिळून फेडरेशन.

वेळेचं एकक आजच ठरवून टाकलं. सुमो आतून मिलिसेकंदांचे पूर्णांक मोजतो. ओम्नेट++ ६४ बिटांच्या पूर्णांकात, एरवी पिकोसेकंदांत. त्यामुळे त्याची वेळ साधारण १०६ दिवसांवर संपते. आमच्या कंट्रोलरमध्ये मात्र दशांश सेकंद होते. पायथनमध्ये ०.१ दहा वेळा मिळवले की १ येत नाही, ०.९९९९९९९९९९९९९९९९ येतं. म्हणजे ‘बरोबर एक सेकंदाला फेज बदल’ ही अट कधीच खरी होणार नाही, किंवा एक टिक उशिरा होईल. ठरलं: सगळीकडे नॅनोसेकंद, ६४ बिटांचा पूर्णांक. सुमारे २९२ वर्षं पुरतो. फेडरेटच्या हद्दीवर दशांश वेळ दिसली की प्रोग्रामने तिथेच थांबायचं, गुपचूप गोलाकार करून पुढे जायचं नाही.

५ नोव्हेंबर

सकाळी रेडिओवाल्या सहकारीणीने विचारलं, “अरे, तिन्ही मशिनची घड्याळं एनटीपीने जुळवली, किंवा अगदी पीटीपी लावलं, तर एवढा खटाटोप कशाला? मेसेजवर मशिनची वेळ टाकू, ज्याची वेळ आधी तो आधी.”

(एनटीपी आणि पीटीपी या नेटवर्कवरून मशिनची घड्याळं जुळवण्याच्या पद्धती, दुसरी जास्त अचूक.) प्रश्न रास्त आहे, म्हणून उत्तर इथे लिहून ठेवतो. घड्याळं मायक्रोसेकंदापर्यंत जुळली तरी ती मशिनची वेळ झाली. चौकातली वेळ निराळी. गर्दी वाढली की सुमोचा एक टप्पा जास्त वेळ खातो. त्याच अवधीत रेडिओचं सिम्युलेशन कितीतरी पुढे निघून गेलेलं असतं. मशिनच्या घड्याळात आधी घडलेली गोष्ट चौकात नंतरची असू शकते. प्रशिक्षणाच्या सिम्युलेटरांत भिंतीवरच्या घड्याळावर काम भागतं. सिमनेट या रणगाड्यांच्या जुन्या प्रशिक्षण-नेटवर्कपासून पुढे डीआयएस, म्हणजे आयईईई १२७८ हे मानक, त्याच वाटेने गेलं. तिथे समोर माणूस बसलेला असतो, दुसऱ्याचा रणगाडा कुठे असेल याचा अंदाज बांधत चित्र पुढे सरकतं, आणि थोडं मागेपुढे झालेलं कोणाला कळतही नाही. आम्हाला एकाच बीजावर (यादृच्छिक आकडे जिथून सुरू होतात त्या आकड्यावर) दोनदा चालवून तेच उत्तर हवं आहे. तिथे ‘थोडं मागेपुढे’ चालत नाही.

मग तिने संगणकशास्त्रज्ञ लेस्ली लॅम्पोर्टचा १९७८चा निबंध काढला. घड्याळावर विसंबू नका, कोणता निरोप कोणत्या निरोपामुळे गेला यावरून क्रम लावा. मूळ विचार तोच, पण आमची अडचण एक पायरी पुढची आहे. लॅम्पोर्टच्या घड्याळात मोठ्या आकड्याचा निरोप आला की घेणारा आपलं घड्याळ त्याच्या पुढे ढकलतो, आणि निरोपावरचा आकडा लहान असेल तर बिनधास्त पुढे चालतो. आमच्याकडे टाइमस्टॅम्प मॉडेलने दिलेला आहे, त्याला अर्थ आहे. कंट्रोलर ४१.७ सेकंदांवर असताना ४१.२६चा मेसेज आला, तर घड्याळ कुठेही ढकलून उपयोग नाही. जे ठरवायला नको होतं ते ठरवून झालेलं आहे.

६ नोव्हेंबर

हे तोंडी पटवण्यापेक्षा करून दाखवलं. काहीच न जुळवता, मेसेज जसे पोचतील तसे घ्यायचे (एचएलएत याला रिसीव्ह ऑर्डर म्हणतात), आणि नोंदवहीचा हा तुकडा:

सुमो, ४१.२०० – रुग्णवाहिका पट्ट्यात आली
रेडिओ, ४१.२६० – विनंती कंट्रोलरकडे रवाना
कंट्रोलर, ४१.६०० – विनंती नाही, हिरवा चालू
कंट्रोलर, ४१.७०० – विनंती नाही, पिवळा सुरू
कंट्रोलर, ४१.७०० – विनंती मिळाली, टाइमस्टॅम्प ४१.२६०

शेवटच्या दोन ओळी पाहाव्यात. पिवळा लागून गेल्यावर जवळपास अर्ध्या सेकंदापूर्वीची विनंती हाती पडते. रुग्णवाहिका लाल दिव्याला थांबते, आणि अहवालात ‘योजना निरुपयोगी’ असं लिहिलं जातं. रेडिओच्या मशिनवरची दुसरी कामं बंद करून तेच बीज परत चालवलं तर विनंती वेळेत येते, हिरवा लांबतो, योजना एकदम उपयोगी! चौकात काहीच बदललेलं नाही. मशिनवर दुसरं काय चालू होतं, एवढाच फरक. असले निष्कर्ष कोणाला देणार?

रेडिओवाली म्हणाली, “कळलं.” आणि उरलेला दिवस ओम्नेट++कडचा जोड लिहीत बसली.

१० नोव्हेंबर

टाइम मॅनेजमेंट चालू केलं. तिन्ही फेडरेट रेग्युलेटिंग (इतरांना अडवू शकणारे) आणि कॉन्स्ट्रेन्ड (इतरांमुळे अडणारे). आता कोणी स्वतःहून पुढे जात नाही. ‘मला अमुक वेळेपर्यंत जायचं आहे’ अशी विनंती करायची आणि आरटीआयची मंजुरी येईपर्यंत थांबायचं.

मंजुरीचं गणित एका उदाहरणात. कंट्रोलर ४१.२०० वर आहे, ४१.३०० मागतो. सुमो ४१.२०० वर आहे आणि त्याचा लुकअहेड १०० मिलिसेकंद, म्हणजे ४१.३००च्या आधीचा टाइमस्टॅम्प असलेलं काहीही तो आता पाठवणार नाही, हे त्याचं वचन. रेडिओ ४१.२५० वर, लुकअहेड ०.३ मिलिसेकंद, त्याचं वचन ४१.२५०३पर्यंतच. सगळ्यांत लहान वचन धरायचं: ४१.२५०३. ही कंट्रोलरची मर्यादा, मानकात तिला जीएएलटी म्हणतात. ४१.३०० तिच्या पलीकडे, म्हणून थांबा. रेडिओ पुढे सरकला की मर्यादा सरकते, आणि ती ४१.३००च्या पुढे गेली की मंजुरी. बरोबर ४१.३००वर असली तरी नाही, कारण नेमका त्याच क्षणाचा मेसेज अजून येऊ शकतो.

सगळा भार त्या वचनावर आहे. पोर्टिको त्याची तपासणी करतो ती एवढीच, की वचनाच्या आतला टाइमस्टॅम्प घालून पाठवू पाहिलं तर नकार देतो. वचन किती मोठं द्यायचं ते आमचं आम्ही ठरवायचं.

११ नोव्हेंबर

मंजुऱ्या येत आहेत, तरीही मेसेज वेळेच्या क्रमाने येईनात. कॉलबॅकमध्ये (आरटीआय आमच्या कोडला जी हाक मारतो तिच्यात) ‘कोणत्या क्रमाने पाठवला’ आणि ‘कोणत्या क्रमाने मिळाला’ असे दोन तपशील येतात. दोन्हीकडे ‘रिसीव्ह’ लिहिलेलं. मेसेज टाइमस्टॅम्पच्या क्रमाने यायला चार गोष्टी एकाच वेळी खऱ्या लागतात: फेडरेशनच्या ऑब्जेक्ट मॉडेलमध्ये (कोणत्या माहितीची देवाणघेवाण होईल याच्या वर्णनात) त्या मेसेजचा क्रम ‘टाइमस्टॅम्प’ असा दिलेला हवा, पाठवणारा रेग्युलेटिंग हवा, पाठवताना वेळ दिलेली हवी, आणि घेणारा कॉन्स्ट्रेन्ड हवा. एक जरी हुकली तरी तक्रार कोणी करत नाही, मेसेज मुकाट साध्या रांगेत जाऊन बसतो. आमचं ऑब्जेक्ट मॉडेल जुन्या प्रकल्पातून आलेलं, त्यात सगळीकडे ‘रिसीव्ह’. बदललं. शिवाय प्रत्येक कॉलबॅकच्या सुरुवातीला तपासणी टाकली: ‘मिळाला’चा क्रम टाइमस्टॅम्प नसेल तर फेडरेशन बंद.

रेग्युलेटिंग होणंही लगेच होत नाही, विनंतीनंतर काही वेळाने कॉलबॅक येतो. तोवर पाठवलेले मेसेज साधेच जातात. त्यामुळे तिघंही ‘तयार’ म्हणेपर्यंत कोणी हलायचं नाही असा सिंक पॉइंट ठेवला.

१३ नोव्हेंबर

आजची नोंद लांबणार.

रेडिओचा लुकअहेड ०.३ मिलिसेकंद कुठून आला? ८०२.११पी (गाड्यांसाठीचं वायफाय मानक), १० मेगाहर्ट्झ, सेकंदाला ६ मेगाबिट. प्रिअँबल ३२ मायक्रोसेकंद, सिग्नल फील्ड ८, पुढे ८-८ मायक्रोसेकंदांची चिन्हं, एका चिन्हात ४८ बिट. हेडर धरून २०० बाइटची फ्रेम (रेडिओवरचा एक निरोप) घेतली तर १६०० बिट, वर सर्व्हिसचे १६ आणि शेपटीचे ६; ३४ चिन्हं, २७२ मायक्रोसेकंद. एकूण ३१२. फ्रेम हवेत एवढा वेळ असतेच, म्हणजे आत्ता निघालेली विनंती ३१२ मायक्रोसेकंदांच्या आत पोचू शकत नाही. वचन पक्कं.

दुपारी सहकारीणच म्हणाली, “पण ती पोचली की नाही, हे फ्रेम संपल्याशिवाय मला कुठे माहीत असतं?” बरोबर. शेवटच्या चिन्हावर दुसऱ्या गाडीची फ्रेम येऊन आदळली तर मेसेज वाया गेला. फ्रेम हवेत असताना रेडिओ ‘४१.२६०ला पोचेल’ असं आधीच सांगून ठेवू शकत नाही, आणि फ्रेम संपल्यावर सांगायचं तर ती वेळ आत्ताचीच. म्हणजे या हद्दीवर रेडिओचा खरा लुकअहेड शून्य.

शून्याने काय होतं ते आरटीआय बाजूला ठेवून दोन प्रक्रियांच्या छोट्या खेळण्यात बघितलं. ब्रायंटने १९७७मध्ये आणि चँडी-मिश्रा यांनी १९७९मध्ये मांडलेली नल मेसेजची पद्धत: पाठवायला काही नसेल तरी ‘अमुक वेळेपर्यंत माझ्याकडून काही येणार नाही’ असा रिकामा निरोप पाठवायचा. लुकअहेड शून्य आणि दोघं एकमेकांवर अवलंबून असले तर दारात ‘आधी तुम्ही, आधी तुम्ही’ करणाऱ्या पाहुण्यांसारखे दोघंही उभेच. लुकअहेड १ मिलिसेकंद दिला तर हलतात, पण कसे: दोघं १०.०००वर आहेत आणि पुढची खरी घटना ११.०००ला. एक म्हणतो १०.००१, त्यावर दुसरा १०.००२, मग पहिला १०.००३. खऱ्या घटनेपर्यंत पोचायला हजार रिकामे निरोप. ३१२ मायक्रोसेकंदांचं वचन खरं असतं तरी सुमोच्या प्रत्येक टप्प्याला अशा तीनशेच्या वर फेऱ्या पडल्या असत्या.

पोर्टिकोचं सेटिंग ढिलं करून हे सुटणार नाही. प्रश्न मॉडेल कापलं कुठे याचा आहे. आपण हद्द अँटेनापाशी आखली, आणि तिथे उशीर नाही. मग उशीर कुठे आहे? आमच्यातला तिसरा, सिग्नलवाला, इतका वेळ गप्प होता, तो म्हणाला, “बॉक्स आत आलेलं लगेच मानतच नाही. इनपुट थोडा वेळ स्थिर राहिलं तरच घेतो, नाहीतर दर पावसात खोट्या विनंत्या येतील.” हा डिबाउन्स आम्ही कंट्रोलरच्या फेडरेटमध्ये लिहिला होता, अगदी आतल्या बाजूला. तो उचलून रेडिओच्या फेडरेटमध्ये नेला: अँटेना, रस्त्याकडेचं युनिट, तार आणि इनपुट फिल्टर सगळं एका बाजूला. आता फ्रेम नीट आली हे कळल्यावर कंट्रोलरपर्यंत जायला १० मिलिसेकंद लागतातच. रेडिओने ४१.२६०ला फ्रेम घेतली की मेसेजवर ४१.२७० टाकायचं. लुकअहेड १० मिलिसेकंद, आणि वचन कोणत्याही अंदाजावर नाही, फिल्टरवर उभं आहे. सुमोच्या एका टप्प्याला दहाएक फेऱ्या. हे परवडतं.

एक खोच: एचएलएत लुकअहेड फेडरेटमागे एकच असतो, घेणाऱ्यागणिक वेगळा नाही. रेडिओ सुमोला काही पाठवू लागला (चालकाच्या पडद्यावर सूचना, तिच्यामुळे लेन बदल वगैरे) तर तिथला उशीर बघून सगळ्यांत लहान आकडा धरावा लागेल. सध्या पाठवत नाही.

१४ नोव्हेंबर

कंट्रोलरचा लुकअहेड: त्याचा फेरा १०० मिलिसेकंदांचा, या फेऱ्यात ठरलेलं दिव्यावर पुढच्या फेऱ्यात दिसतं. म्हणजे १००. सुमोचा टप्पाही १००. वाद नाही.

१८ नोव्हेंबर

बरोबरी. दोन रुग्णवाहिका, आडव्या दोन रस्त्यांवरून, दोघींच्या विनंत्यांवर एकच टाइमस्टॅम्प: ६०.०००. नॅनोसेकंदात मोजताना असं क्वचित व्हावं, पण वाहनांच्या जागा दर १०० मिलिसेकंदांनी बदलतात, त्यामुळे सगळ्या घटना त्या दातांवर येऊन पडतात आणि बरोबरी ही रोजची गोष्ट होते. मानक सांगतं की टाइमस्टॅम्प सारखा असेल तर क्रमाची हमी नाही. मग कोणाला हिरवा? जिचा मेसेज आधी हाती पडला तिला, म्हणजे फिरून ६ तारखेच्या जागी.

दोन नियम केले. पहिला: मेसेजच्या कॉलबॅकमध्ये कोणताही निर्णय नाही, फक्त गोळा करायचं. मंजुरीचा कॉलबॅक आला की त्या वेळेपर्यंतचे सगळे मेसेज हाती आहेत याची खात्री असते, निर्णय तिथे. दुसरा: गोळा केलेले मेसेज वेळ, प्राधान्य, पाठवणाऱ्याचं कॉन्फिगरेशनमधलं नाव, त्याचा अनुक्रमांक, या क्रमाने लावायचे. आरटीआयने दिलेला फेडरेटचा हँडल (ओळखक्रमांक) इथे वापरायचा नाही. आज सुमो आधी जोडला गेला, उद्या रेडिओ, तर हँडल बदलू शकतो.

सिग्नलवाल्याच्या कोडमध्ये विनंत्या पायथनच्या सेटमध्ये (क्रम न ठेवणाऱ्या संचात) होत्या. पायथन ३.३पासून मजकुराचा हॅश (मजकुरावरून काढलेला आकडा) प्रत्येक प्रक्रियेत वेगळा असतो, त्यामुळे सेटवर फिरण्याचा क्रमही दर वेळी निराळा. आरटीआयपर्यंत जायच्या आधीच क्रम बिघडायचा. यादी करून लावून घेतली. हे कोणाच्या नजरेत सहज येत नाही, कारण एकाच प्रक्रियेत कितीही वेळा बघा, क्रम तोच दिसतो.

२१ नोव्हेंबर

मार्गदर्शकांनी विचारलं, टाइम वॉर्प का नको? जेफरसनची १९८५ची कल्पना: कोणासाठी थांबायचं नाही, पुढे पळायचं, मागच्या वेळेचा मेसेज आला तर जुन्या स्थितीवर परतायचं आणि पाठवून झालेले निरोप उलट निरोप पाठवून रद्द करायचे. सगळ्यांच्या मागे असलेली वेळ, म्हणजे जीव्हीटी, काढत राहायची. तिच्या आधीचा इतिहास टाकून द्यायचा. मॉडेल स्वतःचं असेल तर याची ताकद अफाट आहे. २०१३मध्ये रॉस या सिम्युलेटरने लॉरेन्स लिव्हरमोरच्या सेक्वोया संगणकावर १९,६६,०८० कोअर वापरून सेकंदाला ५०४ अब्ज घटनांचा वेग गाठला. तिथे स्थिती साठवण्याऐवजी घटना उलटी चालवून मागे जातात.

पण आम्ही दुसऱ्यांचे सिम्युलेटर जोडतोय. सुमोला स्थिती साठवता आणि परत उचलता येते, तरी दर टप्प्याला ते करायचं म्हणजे सगळा वेळ त्यातच जाईल. ओम्नेट++ला मागे फिरवायची सोय नाही. आणि खरा बॉक्स लागला की लागलेला दिवा ‘रद्द’ कसा करणार? मार्गदर्शकांना पटलं. विषय बंद.

२६ नोव्हेंबर

तपासणी. प्रत्येक फेडरेट प्रत्येक घटनेची ओळ लिहितो: वेळ, प्रकार, पाठवणारा, अनुक्रमांक. शेवटी त्या फाइलचा हॅश. मग मुद्दाम त्रास द्यायला सुरुवात केली. रेडिओच्या मशिनवर लिनक्सच्या नेटेमने प्रत्येक पॅकेटला कमीजास्त उशीर घातला. सुमोच्या मशिनवर भलतंच जड काम चालू ठेवलं. फेडरेट उलट्या क्रमाने जोडले. हॅश तेच. वेळ मात्र भरपूर लागला, आणि ते ठीकच आहे; उशीर झाला तर सगळे थांबतात.

एकदा कंट्रोलर अडकल्यासारखा दिसला. थांबवण्याचा आदेश त्याला मिळतच नव्हता. तो आदेश साधा, टाइमस्टॅम्प नसलेला. आणि कॉन्स्ट्रेन्ड फेडरेटला असे मेसेज एरवी पुढे जाण्याची विनंती चालू असतानाच मिळतात. मंजुरीनंतर कंट्रोलर कोणाच्या इनपुटची वाट बघत बसला होता, त्यामुळे आदेश बाहेरच. असिंक्रोनस डिलिव्हरी (विनंती चालू नसतानाही असे मेसेज मिळण्याची सोय) चालू केली. मात्र ती फक्त चालू-बंद आदेशांसाठी. चौकात काही बदलेल अशी एकही गोष्ट त्या वाटेने येणार नाही, हे कोडमध्ये वरच लिहून ठेवलं.

२ डिसेंबर

खरा कंट्रोलर बॉक्स आला. आता भिंतीवरचं घड्याळ परत येतंय, पण वेगळ्या कामाला. बॉक्स कोणासाठी थांबत नाही, म्हणून फेडरेशनला भिंतीच्या वेळेशी बांधणारा एक फेडरेट लागेल आणि सुमोला १०० मिलिसेकंदांचा टप्पा १०० मिलिसेकंदांत संपवावाच लागेल. एकही टप्पा चुकला तर ती फेरी रद्द. ‘जरासा उशीर चालेल’ असं एकदा म्हटलं की मग ६ तारखेचीच नोंदवही.

वेळ मोजायला मोनोटॉनिक (कधीच मागे न जाणारं) घड्याळ, दिवसाचं नाही. दिवसाचं घड्याळ कोणीही मागे सरकवतं, एनटीपीसुद्धा. पीटीपी लावलं, पण फक्त बॉक्सची नोंदवही आमच्या नोंदवहीशेजारी ठेवून वाचता यावी म्हणून. कोणता मेसेज आधी, हे त्याला कोणी विचारणार नाही.

उद्यासाठी: बॉक्सच्या इनपुटचा डिबाउन्स आम्ही १० मिलिसेकंद धरलाय, त्यावर रेडिओचा सगळा लुकअहेड उभा आहे. ऑसिलोस्कोप मागवलाय. आकडा कमी निघाला तर मॉडेलमध्ये तेवढाच उतरवायचा, फेऱ्या वाढल्या तरी चालतील. जास्त निघाला तरी आधी सिग्नलवाल्याने बॉक्सचं सेटिंग बघायचं, मग आकडा बदलायचा.